एक नाटक, अनेक प्रेक्षक : 'घाशीराम कोतवाल'च्या स्वागताचा इतिहास

नाटकाचा इतिहास आपण बहुधा नाटककार, दिग्दर्शक आणि नट यांच्या नावांनी शिकतो. या टिपणात आपण खुर्च्यांच्या बाजूने तो पाहणार आहोत. उदाहरण घेऊ विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चे. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात त्याचा पहिला प्रयोग झाला. गाणे, नाच, कीर्तन, लावणी यांनी भरलेले हे नाटक लोकांनी डोक्यावर घेतले आणि त्याच लोकांपैकी काहींनी ते बंद पाडायचा प्रयत्न केला. एकाच प्रयोगाला इतके वेगवेगळे प्रतिसाद का मिळाले, हा आपला प्रश्न आहे.

आधी मूळ घटना थोडक्यात. घाशीराम हा उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण, औरंगाबादेहून पुण्यात आलेला. सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात, नाना फडणवीस कारभारी असताना, तो पुण्याचा कोतवाल झाला. १७९१ च्या ऑगस्टमध्ये श्रावणातल्या दक्षिणेसाठी शहरात आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना त्याच्या माणसांनी चोरीच्या संशयावरून लहानशा जागेत कोंडले आणि त्यांतले वीसहून अधिक जण गुदमरून मेले. लोक खवळले, दरबारावर दबाव आला आणि घाशीरामला जमावाच्या हवाली करण्यात आले. त्याला दगडांनी ठेचून मारले. ही गोष्ट तेंडुलकरांनी शोधून काढलेली नाही. मोरोबा कान्होबांनी १८६३ मध्येच 'घाशीराम कोतवाल' नावाचे पुस्तक लिहिले होते आणि पुण्यात 'घाशीरामी कारभार' हा शब्दप्रयोग जुनाच आहे. जबलपूरच्या विद्यार्थ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की आपला हा मुलूखही त्याच काळात मराठी राजकारणात ओढला गेला. १७८१ मध्ये तो सागरच्या मराठी अंमलाखाली आला, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ च्या अखेरीस इंग्रजांकडे. नाना फडणवीस हे नाव इथल्या इतिहासालाही परके नाही.

तेंडुलकरांनी या घटनेभोवती वेगळी कथा रचली. त्यांचा घाशीराम कनौजचा आहे. पुण्यात तो गुलाबी नावाच्या नाचणारणीकडे चाकरी करतो. पर्वतीवर दक्षिणेच्या वेळी त्याच्यावर चोरीचा आळ येतो, मार बसतो आणि शहराबाहेर घालवले जाते. तो सूड घ्यायचे ठरवतो, आपली मुलगी गौरी नानांच्या वासनेच्या स्वाधीन करतो आणि बदल्यात कोतवाली मिळवतो. मग शहरावर जुलूम. पुढे गौरी मरते, ब्राह्मण कोठडीत गुदमरतात, जमाव जमतो आणि नाना शांतपणे हुकमावर सही करतात. घाशीराम मेल्यावर ते उत्सव जाहीर करतात.

आता रूपाकडे पाहू, कारण प्रतिक्रियांचे अर्धे रहस्य रूपात आहे. रंगमंचावर बारा ब्राह्मणांची एक रांग उभी असते. ती डुलते, गाते, पाठ फिरवते, मध्येच फुटून घर होते, रस्ता होते, जमाव होते. या मानवी पडद्यामागे काय चालले आहे ते कधी दिसते, कधी झाकले जाते. कोकणातल्या खेळ्यांची, दशावताराची, कीर्तनाची आणि तमाशाची अंगे त्यात मिसळली आहेत. दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. नानांच्या भूमिकेत मोहन आगाशे. दिग्दर्शक बालरोगतज्ज्ञ आणि प्रमुख नट मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे पोट नाटकावर अवलंबून नसलेली ही हौशी मंडळी. (अभियांत्रिकीच्या मुलांनी हे वाचून उगाच आशा धरू नये, पण धरली तर माझी हरकत नाही.) पुढे जे घडले त्यात या हौशीपणाचा वाटा आहे.

प्रयोग करणारी संस्था होती प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे पुण्याची पीडीए. नाटक गाजू लागले तसे आक्षेपही वाढले. नाटक ब्राह्मणविरोधी आहे, नाना फडणवीसांसारख्या मुत्सद्द्याची बदनामी करणारे आहे, इतिहासाची मोडतोड करणारे आहे, असे तीन आरोप मुख्य होते. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनेच नाटक थांबवले. इथे नीट पाहा. त्याच १९७२ साली तेंडुलकरांच्याच 'सखाराम बाइंडर'ला सेन्सॉर मंडळाने अडवले होते, म्हणजे तिथे हात सरकारचा होता. 'घाशीराम' मात्र सरकारने बंद केले नाही. ते थांबले ते नाटकवाल्यांच्या घरातून. तरुण कलाकारांनी संस्था सोडली, १९७३ च्या मार्चमध्ये थिएटर अकॅडमी स्थापन केली आणि १९७४ च्या जानेवारीत नाटक पुन्हा उभे केले. पगारी नट असते तर इतकी मोठी तुकडी घेऊन असे बाहेर पडणे अवघड गेले असते.

आक्षेप घेणारे सगळे प्रतिगामी होते असे म्हणून हा विषय मिटवायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. पुण्यातल्या ब्राह्मण प्रेक्षकाला १९७२ मध्ये काय वाटत असेल याचा विचार करा. एकोणिसाव्या शतकात जोतीराव फुल्यांनी पेशवाईतल्या ब्राह्मणी सत्तेवर कठोर टीका केली होती. पुढे ब्राह्मणेतर चळवळ झाली. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर महाराष्ट्रात अनेक ब्राह्मणांची घरे जाळली गेली. १९६० मध्ये राज्य झाले तेव्हा राजकीय सत्ता दुसऱ्या वर्गांकडे गेलेली होती. म्हणजे रंगमंचावर ज्या वर्गाची सत्ता दाखवली जात होती, त्या वर्गाच्या हातून प्रत्यक्षात सत्ता निसटलेली होती, आणि आठवणीत भीती होती. अशा माणसाला डुलणाऱ्या शेंड्यांची रांग केवळ रूपक वाटणे कठीण. दुसरीकडे, नाटक लिहिणारा, करणारे आणि डोक्यावर घेणारे यांतही ब्राह्मण पुष्कळ होते. म्हणून 'ब्राह्मण विरुद्ध इतर' अशी सरळ रेघ इथे ओढता येत नाही. भांडण एकाच आळीत, कित्येकदा एकाच घरात होते.

तेंडुलकरांचे म्हणणे होते की हे ऐतिहासिक नाटक नाही. विशिष्ट सामाजिक परिस्थितीत घाशीराम तयार होतात, सत्ताधारी त्यांना वाढवतात आणि काम संपले की लोकांपुढे टाकतात, हे त्यांना दाखवायचे होते. हा खुलासा प्रामाणिक आहे, पण पुरेसा आहे का? इतिहासातले नाव वापरले की त्या नावाचे वजनही नाटकात येते. काल्पनिक कारभारी आणि काल्पनिक कोतवाल घेतला असता तर नाटक इतके झोंबले नसते आणि बहुधा इतके चाललेही नसते. नाना हे नाव नाटकाला बळ देते, तर त्या नावाचा हिशेब मागणाऱ्याला अगदीच खुळा ठरवता येणार नाही. गौरीच्या सौद्याबद्दल आक्षेपकांनी पुरावा मागितला तो याच भावनेने. मात्र पुरावा मागणे आणि प्रयोग बंद पाडणे या दोन गोष्टी आहेत. दुसरीला माझा पाठिंबा नाही.

महाराष्ट्रातला प्रेक्षक पुराणातल्या किंवा इतिहासातल्या गोष्टीत वर्तमान शोधायला आधीपासून सरावलेला होता. १९०७ च्या खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त प्रेक्षकांनी कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झनला पाहिले आणि सरकारनेही तसेच पाहून १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. 'घाशीराम'मध्येही हेच झाले. शिवसेना १९६६ मध्ये स्थापन झाली होती. मुंबईत तिला सत्ताधाऱ्यांचे बळ मिळते आहे अशी चर्चा तेव्हा होती, त्यामुळे अनेकांनी नाटकाचा संबंध तिच्या वाढीशी जोडला. आणीबाणीच्या काळात नानांची शांत सही वेगळी दिसली असणार. १९८४ नंतर पंजाबच्या संदर्भात दिल्लीने वाढवलेल्या आणि मग हाताबाहेर गेलेल्या शक्तींची आठवण या नाटकावरून काढली गेली. संहिता तीच, वाक्ये तीच, आणि दर दशकात प्रेक्षक नवा घाशीराम घेऊन नाट्यगृहात येत होते.

आणखी एक प्रतिक्रिया होती, आणि ती नाटकाच्या शत्रूंची नव्हती. काही समीक्षकांना वाटले की नाटक फारच सुंदर आहे. मराठी प्रेक्षकाला १८८० च्या किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'पासून गाण्याची चटक आहे. 'वन्स मोअर' घेऊन तेच पद पुन्हा गाणे ही आपल्याकडे रीत होती. अशा कानांना चंदावरकरांचे संगीत आणि ती डुलणारी रांग इतकी गोड लागली की क्रौर्य तालात वाहून गेले, असा हा आक्षेप. अभंगाच्या पाठोपाठ लावणी येते, कीर्तनाच्या आडून विलास चालतो. हा विरोध ढोंग उघडे करण्यासाठी आहे, पण प्रेक्षक पाय ठेका धरत बसला तर? ब्रेख्तच्या 'थ्री पेनी ऑपेरा'चे असेच झाले होते. १९२८ मध्ये बर्लिनमध्ये ज्या भद्र लोकांची खिल्ली त्यात होती, तेच त्यातली गाणी गुणगुणत घरी गेले. पु. ल. देशपांड्यांनी त्याचे 'तीन पैशाचा तमाशा' केले आणि १९७८ मध्ये तेही थिएटर अकॅडमीने जब्बार पटेलांच्याच दिग्दर्शनाखाली केले. गौरीबाबतही असाच प्रश्न राहतो. तिच्यावर सगळे नाटक उभे आहे, पण तिला स्वतःचे म्हणून बोलायला जवळपास काही नाही. हे समाजाचे चित्रण म्हणायचे की नाटकाची उणीव, यावर वर्गात दर वर्षी वाद होतो. माझे मत उणिवेच्या बाजूचे आहे.

आता आपल्या भागाकडे येऊ. वसंत देवांच्या हिंदी अनुवादामुळे नाटक हिंदी पट्ट्यात पोचले आणि तिथे प्रेक्षकाचे आसनच बदलले. पर्वतीच्या प्रसंगाचा विचार करा. कनौजहून आलेला एक ब्राह्मण परक्या शहरात उभा आहे, त्याची भाषा वेगळी, ओळख देणारे कोणी नाही. पाकीट हरवले की बोट आधी त्याच्याकडे वळते. पुण्यातला प्रेक्षक हा प्रसंग बहुधा 'आपल्या शहरात काय चालले' म्हणून पाहतो. त्याची लाज किंवा राग पुण्याबद्दलचा असतो. जबलपूरमध्ये कान्यकुब्ज घराण्यांची वस्ती मोठी आहे. इथल्या हिंदी विद्यार्थ्याला तो प्रसंग आपल्या माणसाचा अपमान वाटतो. पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेल्या भावाची आठवण त्याला त्यात येते. आणि जबलपूरची मराठी मुले? त्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या इथे आहेत, घरात मराठी, रस्त्यावर हिंदी. त्यांना नानांचे पुणे आपले वाटते आणि परक्या गावात राहणाऱ्या घाशीरामची अडचणही कळते. माझ्या वर्गात या प्रसंगावर दोन बाकांवरच्या मुलांनी एकाच वेळी उलट बाजू घेतलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि दोघांनाही आपली बाजू नाटकातच लिहिलेली आहे अशी खात्री होती. तेंडुलकरांनी औरंगाबादचा घाशीराम कनौजचा का केला, याचे उत्तर काहीही असो, त्या एका बदलाने नाटकाला महाराष्ट्राबाहेर एक वेगळा प्रेक्षक मिळाला.

१९८० मध्ये नाटक युरोपच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा महाराष्ट्रात पुन्हा वादळ उठले. घरातली भानगड परदेशात नेऊन नानांची आणि महाराष्ट्राची अब्रू घालवणार, हा मुख्य सूर होता. १९७२ चा आक्षेप इतिहासाचा होता, १९८० चा प्रतिष्ठेचा. शेवटी दौरा झाला, पण प्रयोगाआधी नाना फडणवीस हे प्रत्यक्षात थोर मुत्सद्दी होते असे निवेदन करायचे ठरले. गंमत पाहा, ज्या युरोपीय प्रेक्षकाने नानांचे नावही ऐकले नव्हते, त्याला पडदा उघडण्याआधीच ते इतिहासातले खरे गृहस्थ असल्याचे कळले. त्या प्रेक्षकाला पेशवाईशी देणेघेणे नव्हते. तो पाहत होता रूप, म्हणजे माणसांची भिंत, नाच आणि आवाज. पुण्यात ज्या रांगेमुळे लोक चिडले, तीच रांग तिथे नव्या रंगभाषेचा नमुना ठरली.

प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांचा इतिहास लिहिताना साधनांची एक अडचण कायम येते, ती प्रकल्प करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. चिडलेला प्रेक्षक वर्तमानपत्राला पत्र लिहितो, सभा घेतो, निदर्शने करतो. त्याचा पुरावा राहतो. समीक्षक लेख लिहितो. नट आठवणी लिहितात, पण त्या बऱ्याचदा यश मिळाल्यानंतरच्या असतात. ज्याने नाटक तीनदा पाहिले, दर वेळी तिकीट काढले आणि घरी जाऊन जेवला, त्याचा कागद कुठेच सापडत नाही, आणि नाटक चालले ते त्याच्या पैशांवर. म्हणून आपल्या गावातल्या सत्तरीच्या पुढच्या प्रेक्षकांना भेटा. त्यांनी हे नाटक मराठीत पाहिले की हिंदीत, कोणाबरोबर पाहिले, कुठे हसू आले आणि मध्यंतरात काय बोलणे झाले, ते विचारा. १९७६ चा युक्त फिल्म सहकारी संस्थेचा चित्रपट, ज्यात नाना मोहन आगाशे आणि घाशीराम ओम पुरी आहेत, तोही त्यांना दाखवता येईल. त्यात नाच-गाण्याची ती भुरळ बरीच कमी झाली आहे, त्यामुळे दोन्ही पाहिलेल्या माणसाला नेमके काय चुकल्यासारखे वाटते, हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्या.