अश्वारोहणातील मांड व तिची सरावसाधने

घोड्यावरील स्वाराची बैठक म्हणजे मांड. ती समतोल, सैल आणि स्थिर व्हावी म्हणून दोर, पट्टे, काठ्या, लाकडी व यांत्रिक घोडे अशी साधने वापरतात. चांगले साधन स्वाराला बांधून ठेवत नाही. उलट लगाम किंवा रिकिबीचा आधार काही वेळ काढून घेते आणि तोल सांभाळायला भाग पाडते.

योग्य मांड : बाजूने पाहिल्यास स्वाराचा कान, खांदा, खुबा आणि टाच एका ओळंब्यात असतात. वजन दोन्ही बैठकीच्या हाडांवर सारखे पडते, गुडघे आवळलेले नसतात. कोपर, मूठ आणि घोड्याच्या तोंडातील कडियाळे एका सरळ रेषेत येतात. पाय पुढे गेले की स्वार खुर्चीत बसल्यासारखा मागे रेलतो; पुढे वाकला की गुडघे आवळतो आणि टाचा वर येतात. दोन्ही चुकांत तो अखेर लगामाला लोंबकळतो आणि त्याची शिक्षा घोड्याच्या तोंडाला होते. मांड सुधारणे ही म्हणूनच आधी घोड्याविषयीची जबाबदारी आहे.

पूर्वपीठिका : इ. स. पू. चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफन याने खुर्चीत बसल्यासारखे न बसता, पाय फाकून उभे राहिल्यासारखे बसावे, असा उपदेश केला. रोमन लेखक व्हेजिटियस याने नवशिक्या सैनिकांसाठी लाकडी घोड्यांचा सराव नोंदवला आहे. हिवाळ्यात छपराखाली, उन्हाळ्यात मैदानात, आधी निःशस्त्र व मग शस्त्रांसह, डावीउजवीकडून चढण्याचा तो सराव असे.

धाराशिव जिल्ह्याच्या परिसरातही स्वारीची परंपरा जुनी आहे. उमरग्याच्या सीमेपलीकडील कल्याणी (बसवकल्याण) येथील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात अश्वपरीक्षेसोबत घोड्यावरून चेंडू खेळण्याच्या वाह्याली क्रीडेचेही वर्णन आहे. एका हातात काठी असताना लगामावर तोलणाऱ्याला असा खेळ साधत नाही. पुढे मराठी फौजेत स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर असे स्वारांचे दोन वर्ग होते. शेजारच्या अंबाजोगाईला (तत्कालीन मोमिनाबाद) हैदराबाद कंटिंजंट या निजामाच्या राज्यातील ब्रिटिश अधिकाऱ्यांखालील फौजेच्या घोडदळाची छावणी होती. या घोडदळाशी नाते असलेल्या २० व्या डेक्कन हॉर्सने १४ जुलै १९१६ रोजी पहिल्या महायुद्धातील सोमच्या लढाईत हाय वुड येथे घोड्यावरून चढाई केली.

साधने : (१) लांब दोर. शिक्षक मध्यभागी उभा राहून सुमारे १५ ते २० मीटर व्यासाच्या वर्तुळात घोडा फिरवतो. स्वाराच्या हाती लगाम नसतो, पाय रिकिबीबाहेर. तो हात पसरतो, कमरेतून वळतो, पाय लोंबते सोडतो. दुडकीत पहिल्या फेऱ्यांना तो उसळतो व मांड्या आवळतो. श्वास सोडून कंबर घोड्याच्या पाठीबरोबर हलू दिली की उसळी कमी होते. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नवे स्वार असाच सराव दीर्घकाळ करतात. (२) गळपट्टा. घोड्याच्या मानेभोवतीच्या या चामडी पट्ट्यात बोट अडकवले की तोल गेला तरी लगामाला हिसका बसत नाही. (३) आडवी काठी. दोन्ही अंगठ्यांखाली धरलेली काठी कलली की एक मूठ खाली गेल्याचे लगेच दिसते. (४) जमिनीवरचे वासे. मोठ्या घोड्याच्या दुडकीसाठी ते साधारण १.२ ते १.४ मीटर अंतरावर मांडतात. लहान चणीच्या तट्टासाठी अंतर कमी करतात. (५) यांत्रिक घोडा, आरसा व मोबाईलवरील चित्रण. यांमुळे स्वाराला स्वतःची चूक दिसते. जिवंत घोड्याची जागा मात्र ती घेत नाहीत.

धोके : रिकीब तंगाला (खोगिराच्या पोटपट्ट्याला) बांधून पाय जागेवर ठेवण्याची युक्ती घातक आहे, पडताना पाय अडकला तर स्वार फरफटतो. वर्तुळातील फेऱ्या घोड्याच्या सांध्यांवर ताण देतात, म्हणून सत्र साधारण वीस मिनिटांचे ठेवावे आणि दिशा बदलत राहावे. शिरस्त्राण प्रत्येक वेळी हवे.

स्थानिक उपयोग : परांडा तालुक्यातून वाहणारी सीना ही भीमेची उपनदी आहे. भीमेच्या खोऱ्याशी ज्याचे नाव जोडलेले आहे त्या भीमथडी घोड्याला अलीकडे स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली असून दख्खनमधले भटके मेंढपाळ बिऱ्हाड वाहण्यासाठी तो वापरतात. चणीने लहान असल्याने नवशिक्याला त्यावर चढउतार सोपी जाते, मात्र त्याच्या पाठीला पेलेल इतकेच वजन असावे. जिल्ह्यातील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व भेगेत खूर अडकू शकतो. सरावाला मुरमाड, सपाट जागा निवडावी. दोर, गळपट्टा आणि काठी ही तीन साधने कोणत्याही गावात जमवता येतात. ती याच क्रमाने वापरावीत. दोरावर मांड बसल्यावर लगाम हाती द्यावा, त्याआधी नव्हे.