संघनित जल पंप

घर उबदार ठेवणाऱ्या नैसर्गिक वायूच्या फर्नेसमध्ये (भट्टीत) साचणारे पाणी उपसून निचऱ्याच्या नळापर्यंत पोहोचवणारा छोटा विद्युत पंप. अमेरिका व कॅनडातील तळघरांत, जिथे उतार नसल्याने पाणी आपोआप वाहून जात नाही, तिथे तो बसवतात.

नैसर्गिक वायूतील मिथेन जळताना पाण्याची वाफ होते. १ घनमीटर मिथेनपासून सुमारे १.५ किग्रॅ. पाणी बनते. ९० टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेच्या फर्नेसमध्ये दुसरा उष्णता-विनिमयक या वाफेतील उष्णताही काढून घेतो व वाफेचे पाणी होते. धूरवायूतील कार्बन डाय-ऑक्साइड इत्यादी विरघळल्याने ते आम्लधर्मी असते. म्हणून काही ठिकाणी ते चुनखडीच्या खड्यांतून गाळून सोडतात.

रचना : टाकी, तरंगता गोळा व त्याला जोडलेला स्विच, पंप, एकदिशा झडप आणि निचरा नळी. पाणी ठरावीक पातळीवर चढले की गोळा उचलला जाऊन पंप सुरू होतो. टाकी तुडुंब भरल्यास सुरक्षा-स्विच फर्नेस बंद करतो.

निगा : उन्हाळ्यात वातानुकूलनाचे पाणीही याच टाकीत येते, त्यामुळे शेवाळ व बुळबुळीत थर साचून गोळा अडकतो. वर्षातून किमान एकदा फर्नेस व पंपाचा वीजपुरवठा तोडून टाकी कोमट साबणपाण्याने धुवावी. गोळा, झडप व नळी मोकळी करावी. शेवटी टाकीत पाणी ओतून पंपाची चाचणी घ्यावी. सफाईसाठी ब्लीच व व्हिनेगर कधीही एकत्र वापरू नये; त्यातून विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो.