अनुरक्षण (बालगृहाबाहेर पडणाऱ्या तरुणांसाठी)

अनुरक्षण : बालगृहात वा तत्सम संस्थेत वाढलेल्या मुलामुलींनी वयाची १८ वर्षे पूर्ण करून संस्था सोडल्यावर, ती आपल्या पायांवर उभी राहीपर्यंत शासनाने द्यायचे आर्थिक व इतर साहाय्य. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ मध्ये त्याची व्याख्या दिली आहे आणि कलम ४६ मध्ये तरतूद केली आहे. मुदत वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत. २०१६ च्या आदर्श नियमांतील नियम २५ नुसार अपवादात्मक परिस्थितीत ती २३ पर्यंत वाढवता येते. महाराष्ट्राने आपले नियम २०१८ मध्ये केले. राज्यात हे काम महिला व बाल विकास विभागाकडे असून त्याचे आयुक्तालय पुण्यात आहे.

घरात वाढलेल्या मुलाच्या हाती अठराव्या वाढदिवशी कोणी गाठोडे देत नाही. संस्थेतल्या मुलाचे नाव मात्र त्या तारखेला दप्तरातून कमी होते. निवारा, दोन वेळचे जेवण, औषधपाणी, वह्यापुस्तके आणि रागावणारे का होईना पण ओळखीचे अधीक्षक व काळजीवाहक, हे सारे एकदम सुटते. ही तारीख बहुतेकांच्या बाबतीत बारावीच्या वर्षात किंवा त्याच्या आगेमागे येते. शिक्षणाचे वर्ष जूनला सुरू होते, परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. वाढदिवस कोणत्याही महिन्यात येतो. हा मेळ घालणे अनुरक्षणाचे पहिले काम आहे, आणि तिथेच ते बहुधा कमी पडते.

निराधार मुलांना आसरा देण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले; पंढरपूरचे अनाथ बालकाश्रम १८७५ चे. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची औद्योगिक शाळा १८५७ मध्ये सुरू झाली, १९२४ मध्ये मुंबई प्रांताचा मुलांसंबंधीचा कायदा झाला आणि १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. जिल्ह्याजिल्ह्यांत निरीक्षणगृहे चालवणाऱ्या संघटनांचे नावच ‘परिविक्षा व अनुरक्षण संघटना’ असे आहे. म्हणजे संस्थेतून सुटलेल्या मुलाच्या पाठीशी उभे राहायचे असते, हे इथल्या कार्यकर्त्यांना फार पूर्वी उमगले होते. १९८६ चा केंद्रीय बाल न्याय कायदा मुलग्याला १६ व्या वर्षीच बालक मानणे थांबवत असे. २००० च्या कायद्याने ती मर्यादा मुलगा-मुलगी दोघांसाठी १८ केली आणि अनुरक्षण संस्थेतील वास्तव्याला तीन वर्षांची मुदत घातली. २०१५ च्या कायद्याचा भर इमारतीपेक्षा थेट व्यक्तीला मिळणाऱ्या मदतीवर आहे, आणि ही दिशा योग्य आहे.

नियमांत आखलेली पद्धत चांगली आहे. मूल संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी परिविक्षा अधिकारी, बालकल्याण अधिकारी किंवा प्रकरण हाताळणारा कार्यकर्ता त्याचा पुढचा आराखडा तयार करून बालकल्याण समितीपुढे (विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेले बालक असल्यास बाल न्याय मंडळापुढे) ठेवतो. त्यात शिक्षण पुढे चालू ठेवायचे की कौशल्य शिकायचे, राहायचे कुठे, खर्च किती, हे यायला हवे. सहा ते आठ जणांनी मिळून राहण्याची तात्पुरती सोय, प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमार्फत काम शिकणे व नोकरी मिळवणे, धंद्यासाठी कर्ज, आणि या सगळ्यांत नियमित भेटणारा समुपदेशक अशा सेवा नियमात आहेत. पैसे थेट तरुणाच्या बँक खात्यात जमा व्हायचे असतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ही रक्कम दरमहा ४,००० रुपये आहे. आधीच्या एकात्मिक बाल संरक्षण योजनेत ती २,००० होती. ४,००० म्हणजे दिवसाला साधारण १३३ रुपये. त्यात खोलीचे भाडे, मेस आणि रेल्वेचा पास बसवायचा. शिवाय कलम ४६ प्रमाणे हे साहाय्य ‘देता येईल’ अशा स्वरूपाचे आहे. मागणाऱ्याला ते मिळालेच पाहिजे असे बंधन कायद्याने शासनावर घातलेले नाही. या एका कारणाने सारी व्यवस्था निधी, पदे आणि त्या त्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याची तळमळ यांवर अवलंबून राहते.

पैशाइतकाच मोठा अडसर कागदांचा असतो. भाड्याने खोली घ्यायला गेलेल्या तरुणाला मालक आधी आधार कार्ड मागतो, मग गावचा पत्ता, मग ओळखीचा माणूस, मग अनामत. आधारवर पत्ता असतो बालगृहाचा, जिथे तो आता राहत नाही. ओळखीचा माणूस म्हणून अधीक्षकांचा फोन नंबर दिला, तर ‘आश्रमातला आहे’ एवढे कळताच खोली दुसऱ्याला गेलेली असते. नोकरीच्या अर्जात वडिलांचे नाव, रहिवासाचा दाखला, जातीचा दाखला असे रकाने एकामागून एक येतात. म्हणून संस्था सोडण्यापूर्वी जन्मनोंद, आधार, स्वतःच्या नावाचे बँक खाते, शाळा सोडल्याचा दाखला आणि लागू असल्यास अनाथ प्रमाणपत्र एवढे तरी हाती असणे हा अनुरक्षणाचा पाया आहे. ही तयारी सोळाव्या वर्षापासून व्हायला हवी. दोन महिन्यांत ती होत नाही.

रायगड जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. तिथे या व्यवस्थेचे जिल्हा कार्यालय अलिबागला आहे. अनाथ प्रमाणपत्रासारख्या बाबींसाठी विभागीय उपायुक्तांचे कार्यालय नवी मुंबईच्या कोकण भवनात. पेण तालुक्यातील जिते हे पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर, आपटा आणि हमरापूर यांच्या मधले स्थानक. इथल्या तरुणाला कोकण भवनासाठी पनवेलकडे जावे लागते आणि अलिबागसाठी बरोबर उलट दिशेला, पेण-वडखळमार्गे. अलिबागला प्रवासी रेल्वे नाही, म्हणजे एसटी किंवा सहा आसनी रिक्षा बदलत जायचे. एका त्रुटीसाठी अर्ज परत आला की दिवसाची मजुरी बुडते. अलिबागजवळ सोगावला एसओएस बालग्राम आहे. तिथे मुले ‘आई’ म्हणून सांभाळणाऱ्या एका बाईच्या घरात, भावंडांसारखी वाढतात, त्यामुळे त्यांना घर चालवण्याची सवय असते. मोठ्या बालगृहातल्या मुलाने मात्र कित्येकदा स्वतःची भाजीही विकत घेतलेली नसते.

पेण परिसरात कच्च्या हाताला काम मिळते, हे खरे. हमरापूर, जोहे, कळवे या गावांतील गणपतीच्या कारखान्यांत साच्यातून मूर्ती काढण्यापासून रंगकामापर्यंत माणसे लागतात. डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराला मान आणि मजुरी दोन्ही जास्त. पण आखणीला हात बसायला काही हंगाम जावे लागतात, आणि चतुर्थी झाली की रोजची मजुरी आटते. मागे घर असलेला मुलगा हे महिने काढू शकतो. मागे कोणी नसलेल्याला त्या महिन्यांचे भाडे कोण देणार, हा प्रश्न असतो, आणि अनुरक्षणाचे विद्यावेतन नेमके अशा शिकाऊ काळासाठी आहे. आराखडा करणाऱ्या अधिकाऱ्याला गावातला हा धंदा ठाऊक असेल, तर त्याचा उपयोग करून घेता येतो.

पेण-रोह्यातील बहुसंख्य निराधार मुले मात्र बालगृहात नसतातच; ती आजी, मामा, काका यांच्याकडे वाढतात. त्यांच्यासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, जिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले आहे. तिची मासिक रक्कम ४२५ वरून १,१०० आणि २०२३ मध्ये २,२५० रुपये झाली. ही योजना १८ व्या वर्षी थांबते, आणि कलम ४६ संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांपुरतेच असल्यामुळे पुढे अनुरक्षणही मिळत नाही. मुलाला संस्थेत न टाकता नात्यात, कुटुंबात वाढवावे हे शासनाचेच धोरण. पण जितेसारख्या गावात आजीने सांभाळलेली मुलगी अठरा वर्षांची झाली की तिला काहीच नाही, आणि बालगृहात वाढलेल्या तिच्या वर्गमैत्रिणीला निदान अर्ज तरी करता येतो. शासनाने हे अंतर सगळ्यात आधी मिटवावे. ज्यांचे नाव योजनेला दिले, त्या सावित्रीबाईंनी दत्तक घेतलेल्या यशवंताला डॉक्टर होईपर्यंत शिकवले गेले, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये तो त्यांच्याबरोबर रुग्णसेवेत उभा राहिला.

कातकरी वाड्यांतील मुलांची वाट आणखी वेगळी आहे. आईबाप वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर स्थलांतर करतात आणि मुले आश्रमशाळेत वाढतात. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाची असल्याने ती बाल न्याय कायद्याच्या संस्थांत मोडत नाही. पण बारावीनंतर वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्याच्या खात्यात राहण्याजेवण्याचा खर्च जमा करणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना या मुलांना लागू होते. या विभागाचे एकात्मिक प्रकल्प कार्यालय पेणमध्येच असल्याने तिथे पोचणे अलिबागपेक्षा सोपे पडते. कातकरी तरुणासाठी आधी ही वाट तपासावी.

ज्यांचे आईवडील कोण हेच ठाऊक नाही, त्यांना जातीचा दाखला मिळत नाही आणि त्यावर आधारलेली कोणतीच सवलत मिळत नाही. गोव्यातील संस्थेत वाढलेल्या आणि अठराव्या वर्षी एकट्या पुण्यात आलेल्या अमृता करवंदे यांना लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत हाच अनुभव आला. त्यांनी तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यापुढे हा प्रश्न मांडला. जानेवारी २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शिक्षण व शासकीय नोकरीत अनाथांसाठी १ टक्का आरक्षण मंजूर केले आणि २ एप्रिल २०१८ रोजी शासन निर्णय निघाला. पुढे धोरणात बदल होऊन ६ एप्रिल २०२३ च्या निर्णयाने ‘संस्थात्मक’ व ‘संस्थाबाह्य’ असे दोन वर्ग ठरले, त्यामुळे नातेवाइकांकडे वाढलेल्या अनाथांनाही दार उघडले. २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कमाफीतही या दोन्ही वर्गांतील मुलामुलींचा समावेश झाला. कलम ४६ ने जे केले नाही ते आरक्षणाच्या धोरणाने केले. मात्र आई किंवा वडील हयात असून त्यांनी टाकून दिलेले, तुरुंगात असलेल्या वा मनोरुग्ण पालकांचे मूल अनाथ ठरत नाही. आणि बालगृहांत अशी मुले पुष्कळ असतात.

कोविडमध्ये दोन्ही पालक गमावलेल्यांच्या बाबतीत शासनाने निराळा मार्ग घेतला. मे २०२१ मध्ये जाहीर झालेल्या केंद्राच्या पीएम केअर्स योजनेत १८ ते २३ या वयात मासिक विद्यावेतन आणि २३ व्या वर्षी १० लाख रुपये आहेत. राज्याने वेगळी ५ लाखांची मुदतठेव दिली. मूल संस्थेत आहे की मामाकडे, हे इथे आड येत नाही. तरुणाला २३ पर्यंत आधार लागतो हे शासनाने एकदा मान्य केले आहे. अपघातात किंवा क्षयाने आईबाप गेलेल्या मुलाची गरज त्याहून वेगळी नसते. असा भेद न करता इंग्लंडमध्ये संस्थेत वा पालनकर्त्या कुटुंबात वाढलेल्या, दोन्ही प्रकारच्या तरुणांना २५ व्या वर्षापर्यंत सल्लागार मिळू शकतो.

मुलींसाठी राहण्याची सोय हा सगळ्यात नाजूक भाग आहे. अनुरक्षण गृहे मोजक्या शहरांत, तीही प्रामुख्याने मुलग्यांची. अठरा वर्षांवरील मुलीला पुष्कळदा महिला राज्यगृहात जावे लागते, जिथे संकटात सापडलेल्या सर्व वयांच्या स्त्रिया राहतात. बारावीचा अभ्यास करणाऱ्या मुलीसाठी ती जागा नव्हे. राहायला ठिकाण नाही म्हणून घाईने लग्न लावून देण्याचा मार्गही काही संस्था धरतात. सासवडजवळ कुंभारवळणला संस्था उभारणाऱ्या सिंधुताई सपकाळ यांनी अठराव्या वर्षी मुलांना बाहेर काढणे मानलेच नाही. गतिमंद व बहुविकलांग मुलांबाबत तर २१ किंवा २३ ही मर्यादाच निरर्थक ठरते. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंभराहून अधिक बेवारस दिव्यांग मुलांना आपले नाव देणारे शंकरबाबा पापळकर (पद्मश्री, २०२४) अशा मुलांना अठराव्या वर्षानंतरही त्याच संस्थेत आयुष्यभर राहता यावे असा कायदा करण्याची मागणी वर्षानुवर्षे करत आले आहेत.