दुकानांतील मालाचा वार्षिक हिशेब

दिवाळींत वहीपूजन झालें कीं पेठेंतील दुकानदार पूर्वीं गेल्या वर्षाची बाकी काढीत असे. येणें किती, देणें किती, रोकड किती, हें त्याला वही सांगत असे. परंतु फळीवर जो माल पडून आहे त्याची किंमत काय धरावयाची, हें वही सांगत नाहीं. या साध्या प्रश्नापायीं एके काळीं माणसाच्या जिवावर बेतत असे.

व्हेनिस येथें १४९४ सालीं लूका पाचोली नांवाच्या फ्रान्सिस्कन साधूनें आपला गणितग्रंथ छापला. हिशेबास आरंभ करण्यापूर्वीं व्यापाऱ्यानें जवळच्या सर्व चीजवस्तूंची यादी एकाच दिवशीं पुरी करावी, असें त्यानें बजावलें आहे. तें योग्यच होय. अर्धा माल आज व अर्धा उद्यां मोजला, तर मध्यंतरीं विकला गेलेला माल कोठें धरावा?

पाचोलीचा हा केवळ उपदेश होता. फ्रान्समध्यें चौदाव्या लुईच्या कारकीर्दींत, १६७३ सालीं, त्याचा कायदा झाला. झाक सावारी या पॅरिसच्या व्यापाऱ्याचा त्यांत इतका मोठा हात होता कीं लोक त्या कायद्यास सावारीची संहिताच म्हणूं लागले. प्रत्येक व्यापाऱ्यानें आपल्या मालमत्तेची व देण्याघेण्याची यादी स्वतःच्या सहीनिशीं करावी आणि दर दोन वर्षांनीं ती पडताळून नवी करावी, असा दंडक घातला गेला. दिवाळें निघालें असतां ज्याला रीतसर वह्या दाखवितां येत नसत तो लबाड दिवाळखोर ठरूं शकत असे. आणि लबाड दिवाळखोरीस शिक्षा होती देहान्ताची!

सावारीनें १६७५ सालीं 'परिपूर्ण व्यापारी' अशा अर्थाच्या नांवाचा ग्रंथ लिहिला. त्यांतील सल्ला आजही पटण्यासारखा आहे. मालाची चाल गेली असेल, किंवा तोच माल कारखानदाराकडे आतां कमी भावानें मिळत असेल, तर यादींत त्याची किंमत तितकी उतरवावी. वाचावयास हें सोपें आहे; पण ज्या रेशमास आपण हौसेनें चढा भाव दिला, त्यापुढें स्वतःच्या हातानें उतरता आंकडा मांडणें दुकानदाराला किती जड जात असेल! पुढें १८०७ च्या फ्रेंच व्यापारसंहितेनें ही यादी दरसाल करणें आवश्यक ठरविलें.

मालाची किंमत ठरली, तरी तो बाळगण्याचा खर्च निराळाच. भांडवलाचें व्याज, वखारीचें भाडें, उंदीर आणि ओल यांचा वाटा, हें सारें वर्षभर चालूंच असतें. उलट थोडाथोडा माल मागवावा, तर दर खेपेस हमाली व लिखापढी पडते. या दोहोंचा मेळ गणितानें घालून दाखविला तो फोर्ड हॅरिस या अमेरिकन इंजिनियरानें, १९१३ सालीं. त्याचा प्रश्न कारखान्यांत एका वेळीं किती नग करावे असा होता. दुकानासही तें गणित लागू पडतें.

समजा, एका दुकानांत वर्षाला साबणाच्या १२०० पेट्या खपतात, दर खेपेचा खर्च ६ रुपये, आणि एक पेटी वर्षभर ठेवण्यास १ रुपया पडतो. सगळा माल एकदम आणल्यास सरासरीनें ६०० पेट्या शिल्लक राहतात. खर्च ६०६ रुपये. तीस-तीस पेट्या आणल्यास ४० खेपांचे २४० व साठ्याचे १५, मिळून २५५ रुपये. हॅरिसच्या रीतीनें खपाची दुप्पट खेपेच्या खर्चानें गुणावी, एका पेटीच्या ठेवणावळीनें भागावी आणि वर्गमूळ काढावें. येतें १२०. म्हणजे दहा खेपा, त्यांचे ६० रुपये, साठ्याचेही ६०, एकूण १२०.

हॅरिसच्या पदरीं मात्र श्रेय पडलें नाहीं. १९३४ सालीं विल्सन नांवाच्या दुसऱ्या लेखकानें या रीतीचा प्रसार केला, आणि पुढें कित्येक वर्षें लोक तिला विल्सनचें सूत्र म्हणत राहिले.