फडणीस, बाळाजी जनार्दन (नाना)

(१२ फेब्रुवारी १७४२ – १३ मार्च १८००). पेशव्यांचा हुजूर फडणीस. उपनाव भानू, जन्म सातारा येथे. मुत्सद्दी म्हणून त्याची जी ख्याती झाली, तिच्यापुढे त्याचे वंशपरंपरेने आलेले व ज्याच्या नावानेच तो आजवर ओळखला जातो ते जमाखर्चाचे काम बहुतेक चरित्रकारांनी गौण मानले आहे. प्रस्तुत नोंदीत त्यालाच प्राधान्य दिले आहे.

कुल : भानूंचे मूळ गाव कोकणातील वेळास. आजा बाळाजी महादजी हा बाळाजी विश्वनाथाच्या परिवारात होता व १७१९ च्या दिल्लीच्या स्वारीत तो मारला गेला, असे परंपरा सांगते. वडील जनार्दन बल्लाळ १७५६ मध्ये वारले. पानिपतच्या मोहिमेत (१७६१) नाना आई व पत्नीसह गेला होता. आई परतली नाही. तेथवरचे त्याचे स्वलिखित आत्मवृत्त उपलब्ध आहे, परंतु त्याचा कल धार्मिक व अंतर्मुख असल्याने दफ्तराच्या अभ्यासकास त्याचा उपयोग थोडा. माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीत तो फडणिशीच्या कामात स्थिरावला.

फडणिशीचे स्वरूप : या हुद्द्याचे सामर्थ्य कोठे होते, हे जिल्ह्यातील दरकदारांच्या (वंशपरंपरागत अधिकाऱ्यांच्या) कामाच्या वाटणीवरून स्पष्ट होते. सनदापत्रे व हिशेब मुजुमदाराने तपासून मान्य केल्यावर फडणिसाकडे जात; फडणीस त्यांवर तारीख घाली, रोजकीर्द लिही, पैशाच्या थैल्यांना यादी जोडी, गावांच्या सालीना ठरावावर मिती घाली आणि वर्षाअखेर वह्या घेऊन हुजुरास रुजू होई. त्याच्या रोजकिर्दीवरून दफ्तरदार खतावणी करी, पोतनीस शिल्लक सांभाळी, पोतदार नाण्यांची पारख करी. या दरकदारांस काढून टाकण्याचा अधिकार मामलेदारास नसे, त्यामुळे मामलेदाराच्या कचेरीतच त्याच्यावर हुजूरची नजर राही. ज्याच्या हातून तारीख पडल्यावाचून कागद पुरा होत नाही व ज्याच्या वहीत चढल्यावाचून रक्कम जमा होत नाही, त्याच्याकडे राज्याची इत्थंभूत माहिती आपोआप येते. नानाच्या राजकीय वर्चस्वाचा पाया तलवारीत नव्हे, येथे शोधला पाहिजे. मराठेशाहीतील ‘साडेतीन शहाण्यां’त त्याची गणना अर्धा शहाणा म्हणून होते ती लढवय्येपणाच्या अभावामुळे, असा सार्वत्रिक समज आहे.

हुजूर दफ्तर : पुण्याच्या हुजूर दफ्तराची घडी बाळाजी बाजीरावाच्या काळी बसली, व नानाने तिच्यात सुधारणा केल्या. चालते दफ्तर थेट फडणिसाच्या देखरेखीखाली असे. त्यातील फडातून सनदा, तैनाती व हुकूम निघत, बेहेड्याच्या शाखेत सुभ्यांकडून आलेल्या हिशेबांवरून सालीना जमाखर्चाचा अजमास बांधला जाई, आणि सरंजामाच्या शाखेत फौजेचा हिशेब राही. एकबेरीज दफ्तर मात्र कायम पुण्यास असून, सर्व खात्यांचे हिशेब तेथे एकत्र होऊन जमा, खर्च व बाकी दाखविणारे तर्जुमे (गोषवारे) व खतावण्या तयार होत. दोनशेहून अधिक कारकून या कामावर असत. वर्षारंभी मामलेदाराच्या हाती बेहेडा (जमाखर्चाचा अजमास) देणे, त्याच्याकडून रसदेची (वसुलापोटीची) रक्कम आगाऊ घेऊन तिजवर व्याज मजुरा देणे, आणि वर्षाअखेर त्याचा हिशेब मागील सालांशी ताडून पाहणे, अशी ही पद्धती होती.

दरबारखर्च व अंतस्थ : या कडक तपासणीलाही एक फट होती. मंत्र्यांस व हिशेबतपासनिसांस गुप्तपणे दिली जाणारी रक्कम ‘दरबारखर्च’ या सदराखाली कालांतराने रूढ होऊन इतर खर्चाप्रमाणेच हिशेबात तपासली जाऊ लागली; मग पुन्हा गुप्त देण्यासाठी ‘अंतस्थ’ या नावाखाली नवा वसूल होऊ लागला, व त्याची तपासणी कोणी करीत नसल्याने मामलेदारांनी त्यात आपलीही भर घातली. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनच्या अहवालात हा क्रम वर्णिला आहे. त्यातील कितपत भाग नानाच्या कारकीर्दीस लावावा, याविषयी मतभेद संभवतात. त्याच्या खाजगी संपत्तीचे लोकप्रसिद्ध आकडेही जपूनच घ्यावेत.

राजकारण : पेशवा नारायणरावाच्या खुनानंतर (१७७३) बारभाई या कारभारी मंडळातील प्रमुख; पुरंदर (१७७६) व सालबाई (१७८२) येथील तह; खर्ड्याची लढाई (१७९५).

अखेर : पेशवा सवाई माधवरावाच्या मृत्यूनंतर (१७९५) नानाचा अंमल डळमळला. १७९७ च्या अखेरीस दौलतराव शिंद्याने त्यास कैद करून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. पुढील वर्षी सुटका होऊन तो पुन्हा कारभारात आला व पुणे येथे निवर्तला. पश्चात पत्नी जिऊबाई; औरस पुत्र नव्हता.

नानाच्या मागे पेशवा दुसऱ्या बाजीरावाने हुजूर दफ्तराची आबाळ केली, कारकून बहुतेक कमी केले आणि कागद नेणाऱ्यांस नेऊ दिले. मामलतीही इजाऱ्याने चढ्या बोलीवर जाऊ लागल्या, व जेथे वसुलाची रक्कम आधीच बोलीने ठरते तेथे बेहेड्याला अर्थ उरत नाही. इंग्रजी अंमल सुरू झाल्यावर जमीन व इनामांचे हक्क ठरविताना याच दफ्तराचा आधार घ्यावा लागला.

साधने : नानाचा खाजगी कागदसंग्रह वाईजवळील मेणवलीच्या वाड्यात होता, ‘मेणवली दफ्तर’ म्हणून तो प्रसिद्ध आहे. वासुदेवशास्त्री खरे यांनी लिहिलेले नानाचे चरित्र प्रसिद्ध आहे. त्याचा भर राजकारणावर आहे.