लहान सागरी मत्स्यालयातील क्षारतेचे संतुलन

लहान सागरी मत्स्यालयातील क्षारतेचे संतुलन : सागरी मासे, प्रवाळ व इतर अपृष्ठवंशी प्राणी ज्या टाकीत सांभाळले जातात, तिच्या पाण्यातील विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण ठरावीक मर्यादेत स्थिर राखण्याची पद्धती. क्षारता म्हणजे एक किलोग्रॅम पाण्यात विरघळलेल्या सर्व क्षारांचे ग्रॅममधील वजन असून ते दर हजारी (‰) या प्रमाणात सांगतात. खुल्या समुद्राची सरासरी क्षारता सुमारे ३५‰ असते आणि प्रवाळ असलेल्या टाकीत तीच ३४ ते ३६‰ यांच्या दरम्यान राखणे इष्ट मानतात. साधारणपणे १०० लिटरपेक्षा कमी पाण्याची टाकी येथे लहान समजली आहे.

चॅलेंजर जहाजाच्या सागरी मोहिमेत (१८७२–७६) निरनिराळ्या महासागरांतून आणलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे विश्लेषण विल्यम डिटमार यांनी केले. त्यांच्या १८८४ च्या अहवालातून असे स्पष्ट झाले की, एकूण क्षारता ठिकठिकाणी बदलली, तरी क्लोराइड, सोडियम, सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम व पोटॅशियम या प्रमुख घटकांचे परस्परप्रमाण जवळजवळ सारखेच राहते. त्यामुळे क्षारतेचा एकच आकडा पाण्यातील प्रमुख क्षारांची कल्पना देऊ शकतो, आणि तो आकडा हलला की हे सर्व घटक एकदमच हलतात.

जैविक महत्त्व : अर्धपार्य पटलातून पाणी कमी क्षारतेच्या द्रवाकडून अधिक क्षारतेच्या द्रवाकडे जाते, या क्रियेस परासरण म्हणतात. सागरी अस्थिमत्स्यांच्या शरीरद्रवातील क्षार समुद्राच्या साधारण एक-तृतीयांश असल्याने त्यांच्या शरीरातील पाणी सतत बाहेर झिरपत असते. ते भरून काढण्यासाठी हे मासे समुद्राचे पाणी पितात, जादा क्षार कल्ल्यांमधील विशेष पेशींद्वारे बाहेर टाकतात आणि मूत्र अत्यल्प प्रमाणात उत्सर्जित करतात. या यंत्रणेमुळे ते क्षारतेतील मर्यादित बदल सोसतात, पण त्यासाठी त्यांची ऊर्जा खर्च होते. समुद्रतारे, सागरी अर्चिन यांसारख्या प्राण्यांना व प्रवाळांना अशी नियंत्रणशक्ती जवळजवळ नसते. भोवतालच्या पाण्याची क्षारता बदलली की त्यांच्या शरीरद्रवाचीही बदलते. म्हणूनच मासा वरकरणी निरोगी दिसत असताना त्याच टाकीतील प्रवाळ आक्रसून बसलेले आढळतात.

बदलाची कारणे : बाष्पीभवनात फक्त पाणी उडून जाते व क्षार मागे उरतात. हे बाष्पीभवन पाण्याच्या पृष्ठभागावरून होत असल्याने, पातळी सारखीच उतरली तरी उथळ टाकीची क्षारता अधिक वाढते. ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल पाण्याच्या टाकीत सुमारे ५४ लिटर पाणी असते. पातळी २ सेंटिमीटर उतरल्यास ३.६ लिटर पाणी कमी होऊन क्षारता ३५ वरून ३७‰ च्या पुढे जाते, तर ६० सेंटिमीटर खोल टाकीत तेवढ्याच उतारामुळे ती ३६‰ च्या किंचितच पुढे जाते. वाळू व खडक यांनी व्यापलेली जागा वजा केली, तर लहान टाकीतील प्रत्यक्ष फरक याहून मोठा असतो. विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात आणि पाणी थंड ठेवण्यासाठी टाकीवर पंखा लावल्यास बाष्पीभवन वाढते. कोकणातील पावसाळी दमट हवेत ते मंदावते.

क्षारता घटण्याची कारणे वेगळी असतात. पाण्यातील सेंद्रिय मळ फेसाच्या रूपाने काढणारे प्रोटीन स्किमर हे उपकरण त्यासोबत खारे पाणीही बाहेर टाकते. काठावर व झाकणावर मिठाचे पापुद्रे साचतात. साफसफाईतही काही खारे पाणी जाते. ही तूट गोड्या पाण्याने भरली, तर टाकीतील क्षार हळूहळू कमी होतात.

मापन : हायड्रोमीटर पाण्याची सापेक्ष घनता दाखवतो. २५° सेल्सियसला ३५‰ क्षारतेच्या पाण्याची सापेक्ष घनता सुमारे १.०२६४ असते. तापमानानुसार घनता बदलते आणि काट्याच्या हायड्रोमीटरमध्ये काट्याला हवेचे बुडबुडे चिकटल्यास आकडा प्रत्यक्षाहून अधिक येतो, म्हणून काटा हलवून बुडबुडे काढणे आवश्यक असते. रिफ्रॅक्टोमीटर पाण्याच्या थेंबातून जाणाऱ्या प्रकाशाच्या वक्रीभवनावरून क्षारता सांगतो. मात्र, बाजारातील अनेक रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेले असतात व सागरजलाची क्षारता सुमारे दीड एककाने अधिक दाखवतात. ३६.५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाण्यात विरघळवले, तर त्या द्रावणाचा वक्रीभवनांक ३५‰ सागरजलाइतका असतो. त्यावर उपकरण ३५ या आकड्याशी जुळवून घेतल्यास ही चूक टळते. विद्युत्-वाहकता मोजणाऱ्या उपकरणात ३५‰ सागरजल २५° सेल्सियसला सुमारे ५३ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर असा आकडा देते.

पाणी भरणे : उडून गेलेले पाणी क्षारविरहित पाण्यानेच भरावे लागते. नळाच्या पाण्यातील तांबे व जडपणा निर्माण करणारे क्षार टाकीत साठत जातात, त्यामुळे रिव्हर्स ऑस्मॉसिसने (आरओ) व शक्य असल्यास त्यानंतर आयन-विनिमयाने शुद्ध केलेले पाणी वापरतात. चवीसाठी घरगुती आरओ यंत्रात अनेकदा थोडे मूळ पाणी वा खनिजे मिसळली जातात, म्हणून ते वापरण्यापूर्वी टीडीएस मीटरने तपासणे योग्य ठरते. काचेवर पातळीची खूण करून दररोज ठरलेल्या वेळी त्या खुणेपर्यंत पाणी भरणे ही साधी व खात्रीची रीत होय. टाकीखाली पाणी गाळून परत वर पाठवणारे गाळणकुंड असल्यास पातळीचा उतार परतपंपाच्या कप्प्यात दिसतो, म्हणून खूण तेथे करतात. स्वयंचलित योजनेत तरंगता किंवा प्रकाशसंवेदक खटका पंप सुरू करतो. खटका अडकल्यास संपूर्ण साठा टाकीत उतरू शकतो. यासाठी दुसरा सुरक्षा-खटका असावा व साठ्याचे भांडे मर्यादित आकाराचेच ठेवावे.

पाणी बदलताना नव्या पाण्याची क्षारता व तापमान टाकीशी जुळवतात. फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ च्या सुमारास कृत्रिम सागरजल बनवण्याचे प्रयोग केले. आज तयार क्षारमिश्रण मिळते. पाण्यात मिश्रण हळूहळू टाकून साधारण दिवसभर पंपाने ढवळतात व मगच क्षारता मोजतात. कोरडे मिश्रण थेट टाकीत कधीही टाकत नाहीत. पावसाळ्यात खाडीमुखाजवळचे पाणी नद्यांच्या पुरामुळे गोडसर होते, म्हणून किनाऱ्यावरून आणलेले पाणीही मोजल्याशिवाय वापरणे धोक्याचे असते.

दुरुस्ती : क्षारता दिवसाला सुमारे एका एककापेक्षा अधिक बदलू नये. पातळी योग्य असूनही ५० लिटर पाण्याची क्षारता ३८‰ असेल, तर एकूण सुमारे ४ लिटर खारे पाणी काढून तेवढेच शुद्ध पाणी तीन-चार दिवसांत विभागून घालावे लागते. क्षारता ३३‰ असल्यास रोज उडणाऱ्या पाण्याच्या जागी ३५‰ चे खारे पाणी भरतात; तेवढ्याच टाकीत रोज ०.९ लिटर भरल्यास क्षारता दिवसाला सुमारे ०.६ एककाने वाढते.

लहान टाकी सांभाळणे अवघड असते ते चुकीला वाव थोडा असल्यामुळे. उपकरणे कितीही महाग असली, तरी हा वाव वाढत नाही. उडालेल्या पाण्याच्या जागी शुद्ध पाणी व काढलेल्या खाऱ्या पाण्याच्या जागी तितकेच खारे पाणी, हा नियम रोज पाळला आणि आठवड्यातून एकदा जुळवलेल्या उपकरणाने खातरजमा केली, तर पन्नास लिटरच्या टाकीतही क्षारता स्थिर राहते.