हेडरचा हिशेब : फुटबॉल, मेंदू आणि लहान मुले

आज आपण फुटबॉलच्या इतिहासातला एक असा धागा घेणार आहोत, जो मैदानावर कमी आणि प्रयोगशाळेत जास्त उलगडला. प्रश्न साधा आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाने डोक्याने चेंडू मारावा का? इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचे पहिले लिखित नियम १८६३ सालचे. आणि 'लहान मुलांनी हेडर मारू नये' असं एखाद्या मोठ्या राष्ट्रीय संघटनेने ठरवलं ते २०१५ साली. मधे दीडशे वर्षं गेली. एवढा उशीर का झाला, हे आज आपल्याला पाहायचं आहे.

सुरुवात मात्र बॉक्सिंगपासून करावी लागते. १९२८ साली अमेरिकेतल्या न्यूअर्क इथले हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरांनी 'पंच ड्रंक' नावाचा लेख लिहिला. बॉक्सिंगच्या आखाड्याभोवती वावरणाऱ्यांना एक गोष्ट आधीपासून ठाऊक होती. काही जुने मुष्टियोद्धे दारूचा थेंबही न घेता झिंगल्यासारखे चालतात, बोलताना अडखळतात, माणसं ओळखत नाहीत. मार्टलँड यांनी हे वैद्यकाच्या भाषेत मांडलं. पुढे १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये कोर्सेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ मृत मुष्टियोद्ध्यांचे मेंदू तपासले आणि इजेची विशिष्ट खूण दाखवून दिली.

मग फुटबॉलकडे कुणाचं लक्ष का गेलं नाही? कारण बॉक्सिंगमध्ये माणूस खाली पडतो, पंच आकडे मोजतो, सगळ्यांना दिसतं. हेडर मारणारा खेळाडू पडत नाही. तो गोल करतो, लोक टाळ्या वाजवतात. क्वचित थोडं गरगरतं, मिनिटभरात थांबतं. दुखापत म्हणजे जी दिसते ती, असा आपला सगळ्यांचाच समज असतो. अपवाद नव्हते असं नाही. नॉर्वेत टिसव्हेर नावाच्या डॉक्टरांनी १९८०च्या दशकात तिथल्या माजी खेळाडूंच्या मेंदूच्या तपासण्या करून धोक्याची सूचना दिली होती. पण खेळ चालवणाऱ्यांनी ती फारशी मनावर घेतली नाही.

आता जेफ अ‍ॅस्टल यांच्याकडे वळू. वेस्ट ब्रॉमविच अ‍ॅल्बियन या इंग्लिश क्लबचे हे आघाडीचे खेळाडू. क्लबसाठी १७४ गोल, १९६८च्या एफए कपच्या अंतिम सामन्यातला विजयी गोल त्यांचाच. उंच चेंडूवर झेपावून हेडर मारणं ही त्यांची ओळख. पन्नाशीतच त्यांची स्मृती जायला लागली. जानेवारी २००२ मध्ये, वयाच्या ५९व्या वर्षी ते गेले. त्याच वर्षाच्या शेवटी मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने निर्णय दिला : मृत्यूचं कारण औद्योगिक आजार. खाणकामगाराच्या फुप्फुसात कोळशाची धूळ साठते, तसा हा फुटबॉलच्या धंद्यातला आजार, असा त्याचा अर्थ.

मंडळी, इथे सगळं बदलायला हवं होतं. पण बदललं नाही, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने इतिहासातली सर्वांत बोचणारी गोष्ट हीच आहे. इंग्लंडची फुटबॉल संघटना आणि व्यावसायिक खेळाडूंची संघटना यांनी त्याच सुमारास एक दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला होता. तरुण खेळाडू घ्यायचे आणि दहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. म्हणजे नेमका आपला प्रश्न. पण ती मुलं व्यावसायिक फुटबॉलमध्ये टिकली नाहीत, अभ्यास विरून गेला आणि ठोस निष्कर्ष काही हाती आला नाही. अ‍ॅस्टल कुटुंबाला वाटत होतं की कुणीतरी शोध घेतंय. प्रत्यक्षात कुणी घेत नव्हतं.

२०१४ मध्ये ग्लासगोचे डॉ. विली स्टुअर्ट यांनी अ‍ॅस्टल यांचा जतन केलेला मेंदू पुन्हा तपासला. निदान झालं सीटीईचं, म्हणजे क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथीचं. मुष्टियोद्ध्यांमध्ये आढळत आलेला हाच आजार. मुलगी डॉन अ‍ॅस्टल यांनी मोहीम उभी केली, त्याच वर्षी संघटनेच्या अध्यक्षांनी कुटुंबाची माफी मागितली.

हा आजार होतो कसा, ते थोडक्यात पाहू. मेंदू मऊ असतो आणि कवटीत द्रवात तरंगतो. चेंडू आदळला की डोकं थांबतं किंवा वळतं, मेंदू मात्र क्षणभर मागे राहतो. या ओढाताणीत आतले बारीक चेतातंतू ताणले जातात. एका हेडरने बेशुद्धी येत नाही, कन्कशनही होत नाही. पण ही ओढाताण हजारो वेळा झाली, तर काही जणांच्या मेंदूत टाऊ नावाचं प्रथिन रक्तवाहिन्यांच्या आसपास, मेंदूच्या घड्यांच्या खोल तळाशी साठायला लागतं. खात्रीचं निदान आजही मृत्यूनंतरच होतं. म्हणून इथे प्रश्न एका मोठ्या फटक्याचा नाही, संख्येचा आहे.

ही संख्या महत्त्वाची आहे हे ठसवलं ते स्टुअर्ट यांच्याच गटाने. २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंची तुलना सुमारे २३,००० सामान्य नागरिकांशी केली गेली. हृदयविकाराने आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने खेळाडू कमी मेले. खेळाचा फायदा खराच होता. पण मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी होणारे मृत्यू त्यांच्यात सुमारे साडेतीन पट होते. दोन वर्षांनी पुढचा तपशील आला. गोलरक्षकांमध्ये हा धोका सामान्य माणसापेक्षा विशेष वाढलेला नाही, बचावपटूंमध्ये सर्वांत जास्त. कारकीर्द जितकी लांब, तितका धोका मोठा. एकाच मैदानावर, एकाच संघात खेळणाऱ्या दोघांत एवढा फरक का? सगळ्यात ठळक फरक म्हणजे गोलरक्षक हाताने चेंडू अडवतो.

इथे एक नेहमीचा आक्षेप येतो. "अहो, तो जुना कातडी चेंडू होता, पावसात भिजून दगडासारखा जड व्हायचा. आताचा हलका आहे." हे अर्धंच खरं आहे. कातडी चेंडू पाणी प्यायचा हे बरोबर. पण कोरड्या चेंडूचं नियमातलं वजन, ४१० ते ४५० ग्रॅम, १९३७ पासून बदललेलं नाही. आणि आजचा चेंडू वेगाने येतो. स्कॉटलंडच्या आकडेवारीतही पुढच्या पिढ्यांमध्ये धोका घटलेला दिसला नाही.

आता मुलांकडे येऊ. मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं, मानेचे स्नायू कोवळे. त्यामुळे तोच धक्का डोक्याला जास्त हलवतो. चेतातंतूंवर आवरण चढण्याचं काम विशीपर्यंत चालूच असतं. मग लहानपणच्या हेडरमुळे म्हातारपणी स्मृतिभ्रंश होतो, हे सिद्ध झालंय का? नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. मुलांच्या सामन्यात कन्कशन जास्त होतात ती चेंडूमुळे नव्हे, हेडरसाठी उडी मारताना एकमेकांवर आदळल्यामुळे, हेही आपण लक्षात ठेवू. पण असा विचार करा. थेट पुरावा हवा असेल तर आज दहा वर्षांच्या मुलाला साठ वर्षांचा होऊ द्यावं लागेल. अ‍ॅस्टल यांच्या बाबतीत आपण नकळत तेच केलं. आता जाणूनबुजून करायचं का?

अमेरिकेत या प्रश्नाचं उत्तर पालकांनी मागितलं. २०१४ मध्ये काही पालक आणि खेळाडू कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात गेले. मुख्य मागणी नियम बदलण्याची होती. त्याआधीच ब्रँडी चॅस्टेनसारखी विश्वविजेती खेळाडू लहान मुलांच्या हेडरविरुद्ध जाहीरपणे बोलू लागली होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये तडजोड झाली. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर बंद, अकरा ते तेरा वयोगटात सरावातल्या हेडरवर मर्यादा. फेब्रुवारी २०२० मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडने प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांचा हेडरचा सराव थांबवला. इंग्लंडने २०२४-२५ च्या हंगामापासून सर्वांत लहान गटांच्या सामन्यांतूनही हेडर टप्प्याटप्प्याने काढायला सुरुवात केली. मोठ्यांनाही हिशेब लागू झाला. २०२१ पासून इंग्लंडच्या व्यावसायिक खेळाडूंना सरावात आठवड्याला जोराचे दहाच हेडर, अशी सूचना आहे.

'सरावात' हा शब्द नीट ऐका. सामन्यात एखाद्या मुलाच्या वाट्याला दोन-चार हेडर येतात. सरावात प्रशिक्षक एका रांगेत उभं करून वीस-वीस मारून घेतो. स्टर्लिंग विद्यापीठात २०१६ साली प्रौढ खेळाडूंना कॉर्नर किकच्या वेगाने आलेले वीस हेडर मारायला लावले. लगेच घेतलेल्या चाचणीत त्यांची स्मृती घसरली, दिवसभरात पूर्ववत झाली. तात्पुरता परिणाम आहे, मान्य. पण हे वीस हेडर म्हणजे कित्येक मैदानांवरचा एका संध्याकाळचा सराव आहे.

मग या इतिहासातून काय घ्यायचं? पुरावा नव्हता म्हणून उशीर झाला, असं म्हणणं पुरेसं नाही. खुणा १९२८ पासून होत्या, २००२ मध्ये कॉरोनरचा निर्णय होता. मोजायचं कुणी मनावर घेतलं नाही, म्हणून उशीर झाला. जी मोजणी झाली ती बहुतेक वेळा एखाद्या मुलीने, एखाद्या आईने दार ठोठावलं म्हणून.

आपल्याकडे कोल्हापूरच्या तालमींच्या संघांपासून शाळांच्या मैदानांपर्यंत मुलं मनापासून फुटबॉल खेळतात आणि खेळत राहावीत. कुणी मुलाला घरी बसवा असं आम्ही म्हणत नाही. पण प्रशिक्षकाला नियमाची वाट पाहावी लागत नाही. लहान गटाच्या सरावातून हेडरची रांग काढून टाकता येते. मुलाच्या वयाचा, नीट हवा भरलेला चेंडू देता येतो. डोकं आपटलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा मैदानात पाठवायचं नाही, हे ठरवता येतं. यात मुलाचा खेळ बिघडत नाही. पासिंग, पायाचं कौशल्य, जागा ओळखणं, सगळं उरतंच. हेडर मारायला पुढे वर्षं पडली आहेत. मेंदू मात्र एकच मिळतो.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.